चलनी नोटांवरले जंतू

हातोहात फिरणाऱ्या कागदी पैशावर माणसाच्या घामातून, थुंकीतून, अन्नातून अन् धुळीतून चिकटणारे बॅक्टेरिया, बुरशी, व्हायरस म्हणजे नोटांवरले जंतू. नाणी, मोबाईल, एसटीचा दांडा, बोअरचा हँडल यांचंही तेच आहे, पण विदर्भातल्या खेड्यात हा विषय निघाला की गाडी दहा-वीसच्या नोटेवरच येते. कारण पाचशेची नोट घरी आली की डब्यात जाऊन बसते अन् दहाची बिचारी आठवडी बाजाराच्या एकाच दिवसात भाजीवाली, चिवडेवाला, पानठेला, काळीपिवळीवाला करत परत भाजीवालीच्या कमरेच्या पिशवीत येते. जितके जास्त हात, तितका मळ जास्त, म्हणून लहान किमतीच्या नोटा जास्त घाण निघतात.

आपली नोट झाडाच्या लगद्याची नसते, कापसाची असते. कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको की कापूस ओल धरतो. नवी नोट कडक, गुळगुळीत असते, मग ती घाम अन् हाताचं तेल पीत जाते, मऊ पडते, घडीच्या जागी तंतू सुटतात अन् जुन्या लुगड्याच्या चिंधीसारखी होते. त्या घडीतच खरा मळ बसतो. तरी नोट म्हणजे जंतूंचं काही सुखाचं घर नव्हे, कोरडी झाली की पोटाच्या रोगाचे बरेचसे बॅक्टेरिया मरतात. टिकतात ते कातडीवरले स्टॅफिलोकोकस, बुरशीचे बीजाणू अन् बॅसिलससारखे चिवट कवच करून पडून राहणारे.

दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेनं टपऱ्या, किराणा दुकानं अशा ठिकाणाहून दहा, वीस अन् शंभरच्या नोटा गोळा करून त्यांच्यावरला सगळा डीएनए तपासला होता, ते काम 2015 साली छापून आलं. सगळ्यात मोठा वाटा बुरशी वगैरेंचा निघाला, बॅक्टेरिया त्याहून बरेच कमी, व्हायरस एक टक्क्याच्याही खाली. काळजीची गोष्ट म्हणजे जंतूला अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद देणारे 78 जीन सापडले. पण डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंतच होता असं नाही, मेलेल्याचाही सापडतो, अन् व्हॉट्सॲपवर नोटांचे फोटो फिरवणारे नेमकं हेच गाळतात.

व्हायरसचं गणित हवामानावर अन् सोबतच्या शेंबडावर आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2008 साली नोटांवर फ्लूचा व्हायरस नुसता टाकला तर थोडक्यात संपला, पण शेंबडात मिसळून टाकला तर 17 दिवसांपर्यंत टिकला. कोविडच्या वेळी, 2020 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं अंधारात 20 अंशाला तो व्हायरस नोटांवर 28 दिवसांनीही जिवंत पाहिला, तेच 40 अंशाला दोन दिवसांच्या आत खल्लास. आता चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणजे उन्हाळ्यात आपली नोट तशी भाजूनच निघते, पावसाळ्यात मात्र खिशातली ओली नोट दोन-दोन दिवस सुकत नाही.

कोविडच्या काळात गावोगाव लोकांनी नोटा सर्फात धुतल्या, इस्त्री केल्या, खाटेवर वाळत टाकल्या. त्यानं नोटच खराब होते, हात तर तसाच राहतो.

अन् खरा घोळ हातातच आहे. पानठेल्यावर पाहा, ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून खर्रा घोटून राहिला, मधातच कोणी वीसची नोट देते, ती घेऊन गल्ल्यात टाकतो, अंगठा जिभेला लावून दहाची सुटी काढतो अन् त्याच हातानं पन्नी बांधून देतो. गिऱ्हाईक त्याच नोटेच्या बोटांनी खर्रा उचलून गालात दाबते. यात नोट हा फक्त एक टप्पा आहे, तोंडापर्यंतचा रस्ता बोटांनीच पूर्ण होतो. थुंकी लावून नोटा मोजणं हे तर दोन्हीकडून वाईट, मोजणाऱ्याची थुंकी नोटेला अन् नोटेचा मळ मोजणाऱ्याच्या जिभेला. बँकेत त्यासाठी पाण्याचा स्पंज ठेवतात, पण तोच स्पंज आठवडाभर बदलला नाही तर तोही आंबतो. आलूबोंडा रद्दी पेपरात देऊ नका असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं 2016 मध्येच सांगितलं आहे, त्यात जंतूंसोबत शाईचाही प्रश्न आहे, तरी पेपर काही सुटला नाही.

क्यूआर कोड आल्यापासून सुट्याची कटकट कमी झाली खरी, पण मोबाईलची काचही तितकीच हाताळलेली असते, अन् तो संडासातही सोबत जातो. साबण-पाण्यानं हात धुणं स्वस्त पडते, विशेषतः बाजारातून येऊन लेकराला भरवायच्या आधी.

रिझर्व्ह बँकेचं स्वच्छ नोट धोरण 1999 चं आहे, नोटांच्या गड्डीला स्टेपल मारणं 2001 मध्ये बंद केलं. मळकी, फाटकी नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, खातं त्याच शाखेत असायची गरज नाही. पण दहाच्या नोटेसाठी तालुक्याला जायचं तर तिकीटच जास्त लागते, म्हणून दुकानदारानं नाही घेतली की ती बहुतेक कंडक्टरच्या गळ्यात मारली जाते, नाहीतर देवळाच्या दानपेटीत पडते.