मांजऱ्या 'निमविषारी' कोणाच्या हिशोबाने?

पावसाळा लागला की येऊरच्या पायथ्यापासून खारघर-बेलापूरपर्यंत सर्पमित्रांचे फोन वाजत राहतात आणि मांजऱ्या साप निघाला की उत्तर ठरलेलं, निमविषारी आहे, घाबरू नका. चुकीचं नाहीये ते. पण हे निम ठरलं कसं त्याचा इतिहास बराच गुंत्याचा आहे.

मांजऱ्यासारख्या, विषाचे दात जबड्यात मागे असलेल्या सापांची ग्रंथी 1832 मध्येच एका फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवली होती, खरा घोळ झाला 1960 च्या दशकात. तेव्हा तिला त्याचंच नाव देऊन नाग-घोणसच्या विषग्रंथीपासून वेगळ्या खात्यात टाकलं. कारणं पटण्यासारखी होती म्हणा, विष साठवायला मोठी पोकळी नाही, पिळून काढायला तसा स्नायू नाही, दात मागे, त्यामुळे साप चघळत बसला तर कुठे द्रव जखमेत झिरपतो. पण यामुळे त्या द्रवाला सरसकट लाळ समजलं गेलं, तेही 1957 मध्ये शिकागोत एक नावाजलेला सर्पतज्ज्ञ बूमस्लँगच्या (आफ्रिकेतला असाच मागच्या दातांचा साप) पिल्लाच्या चाव्याने गेलेला असताना! (नर्व्हवर परिणाम होऊन नाही, रक्तस्रावाने जीव गेला.) 2000 नंतर एका गटाने सांगितलं की ग्रंथी मुळात एकच, सरळ विषग्रंथी म्हणा. दुसरा गट अजून अडून बसलाय की भक्ष्य मारायला वापर होतो हे दाखवा, मग विष म्हणा.

मला पहिल्यांचं पटतं, ते 2006 च्या कामामुळे. आग्नेय आशियातल्या खारफुटीतल्या वेगळ्या जातीच्या मांजऱ्याच्या विषात नागाच्या न्यूरोटॉक्सिनच्या (नर्व्ह-स्नायूंवर मारा करणाऱ्या विषाच्या) कुळातलं एक प्रथिन सापडलं. नर्व्हकडून स्नायूला निरोप जातो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून, आणि ते स्नायूवरच्या ज्या रिसेप्टरवर बसतं तिथे हे प्रथिन आधीच जाऊन बसतं, मग स्नायू आकसतच नाही, लुळा पडतो. कोंबडीच्या पिल्लाच्या मानेच्या स्नायूवर हा परिणाम उंदराच्या स्नायूपेक्षा साधारण शंभरपट जास्त, शिवाय पिल्लात तो उतरत नाही, उंदरात उतरतो. म्हणजे इतकी वर्षं सौम्य म्हणून शिक्का मारला तो उंदराकडे बघून.

2009 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरच्या मांजऱ्याच्या आणखी एका जातीत असंच दुसरं प्रथिन सापडलं, पक्षी आणि पालींना मारणारं, उंदराला काही न करणारं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जहाजातून पोचलेल्या या सापाने तिथले बहुतेक देशी जंगलपक्षी संपवले, आणि झोपेत चावल्यावर तान्ह्या बाळांना श्वासाचा त्रास झाल्याच्या केसेसही आहेत.

आपला मांजऱ्या सरडे-पाली खाणारा, मोठ्या माणसाला थोडी सूज, खाज. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच, मांजऱ्यावर त्याचा उपयोग नाही, वर घोड्याच्या रक्तातून येत असल्याने रिॲक्शनची भीती. पण मांजऱ्या आणि फुरसं दिसायला इतके जवळचे की नुसत्या फोटोवर घरी बसणं परवडत नाही, हॉस्पिटलात काचेच्या टेस्टट्यूबमध्ये 20 मिनिटं रक्त ठेवून गोठतंय का बघतात ते त्यासाठीच, फुरशाच्या विषाने रक्ताचं गोठणं बिघडतं.