हाय नून (१९५२)

अमेरिकन वेस्टर्न चित्रपट. कृष्णधवल, लांबी ८५ मिनिटे. दिग्दर्शन फ्रेड झिनेमान, पटकथा कार्ल फोरमन, छायाचित्रण फ्लॉइड क्रॉस्बी, संगीत दिमित्री टिओमकिन. प्रमुख भूमिका गॅरी कूपर, ग्रेस केली, केटी हुराडो आणि लॉइड ब्रिजेस यांच्या. जॉन कनिंगहॅम यांच्या ‘द टिन स्टार’ (१९४७) या कथेचा आधार पटकथेला आहे. चार ऑस्कर मिळाले: अभिनेता (कूपर), संकलन, पार्श्वसंगीत आणि गीत.

हॅडलीव्हिल गावचा मार्शल, म्हणजे कायदा-सुव्यवस्था राखणारा अधिकारी, विल केन रविवारी सकाळी लग्न करतो आणि पदाचा बिल्ला उतरवून ठेवतो. तेवढ्यात तार येते. त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला आहे आणि दुपारी बाराच्या गाडीने गावात येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर येऊन थांबलेले आहेत. लोक केनला बायकोसह घाईघाईने गावाबाहेर काढतात, पण वाटेतच तो घोडागाडी वळवून परत येतो. उरलेल्या तासाभरात तो मदतीला माणसे शोधत फिरतो. त्याला कोणीही मिळत नाही.

पडद्यावरचा काळ आणि प्रेक्षकाच्या घड्याळातला काळ जवळजवळ बरोबरीने चालतात. चित्रपट सुरू होतो तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असतात आणि पुढे जवळपास प्रत्येक खोलीत भिंतीवरचे घड्याळ दिसत राहते. बारा वाजण्याच्या क्षणाचे संकलन तर अभ्यासकांनी पुन्हापुन्हा उलगडून पाहिले आहे. केन आपले मृत्युपत्र लिहितो आहे, लंबक हलतो आहे, आणि त्याच ठोक्यावर दृश्ये पालटत जातात: रिकामे रूळ, चर्चमधली माणसे, दारूच्या गुत्त्यातली माणसे, मिलरने सूड घेण्याची धमकी दिली होती ती रिकामी खुर्ची. मग गाडीची शिट्टी. तोवर गोळीबार झालेलाच नसतो, तरी प्रेक्षक खुर्चीच्या कडेला आलेला असतो.

चित्रपट इतकी वर्षे टिकला त्याचे श्रेय सहसा या घड्याळाला किंवा शेवटच्या चकमकीला दिले जाते. खरे बळ मात्र नकारांमध्ये आहे. केनला नाही म्हणणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पटण्यासारखे कारण देतो. न्यायाधीश सामान बांधून निघून जातो, कारण मिलरला शिक्षा त्यानेच सुनावली होती. डेप्युटी हार्वे पेल बढती डावलल्यामुळे रुसलेला आहे. म्हाताऱ्या, निवृत्त मार्शलचे हात संधिवाताने आखडले आहेत. स्वतःहून पुढे आलेला हर्ब आपण दोघेच आहोत हे कळताच बायकामुलांचे नाव काढून पाय मागे घेतो. सॅम फुलर घरात असूनही ‘ते घरी नाहीत’ असे बायकोकडून सांगवतो. केन पाठ फिरवून गेल्यावर त्या बाईची मान खाली जाते आणि सॅम तिच्यावरच चिडतो, तुला विधवा व्हायचे आहे का म्हणून.

सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग चर्चमधला. तिथे भर प्रार्थनेत वाद रंगतो, काही जण केनच्या बाजूने उठतातही. मग त्याचा मित्र जोनास हेंडरसन बोलायला उभा राहतो. केनसारखा मार्शल गावाला पुन्हा मिळणार नाही, अशी तोंडभर स्तुती करतो आणि त्याच दमात सांगतो की उत्तरेकडचे लोक गावात पैसा गुंतवण्याच्या विचारात आहेत, रस्त्यात मुडदे पडले तर ते बिथरतील, तेव्हा केनने निघून जावे हेच बरे. यात कोणीही खलनायक नाही. असे भाषण कुठल्याही गावच्या सभेत ऐकू येऊ शकते, म्हणूनच ते अजून टोचते.

बायकांची पात्रे पुरुषांपेक्षा सरळ आहेत. केनची बायको एमी हिंसा वर्ज्य मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. बाप आणि भाऊ बंदुकीने गेल्यावर तिने हा पंथ धरला, तरी शेवटी नवऱ्यासाठी तीच पाठमोऱ्या माणसावर गोळी झाडते. हेलन रामिरेझ ही मेक्सिकन व्यावसायिक गाव ओळखून आहे. दुकानातला वाटा विकून ती त्याच गाडीने जायला निघते. या भूमिकेसाठी हुराडोला गोल्डन ग्लोब मिळाला.

चित्रीकरणाच्या वेळी कूपर पन्नाशीचा होता आणि आजारीही. झिनेमान आणि क्रॉस्बी यांनी त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा लपवला नाही. आकाश खुलवणारे फिल्टर टाळून त्यांनी ते पांढरेफटक ठेवले. मॅथ्यू ब्रेडी यांची अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली छायाचित्रे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. क्रेनवरचा कॅमेरा वर वर जातो आणि ओसाड रस्त्यात केन एकटा उरतो, ते दृश्य याच भाजक्या उजेडात घेतले आहे.

कथेच्या मागे त्या काळचे राजकारण उभे आहे. चित्रीकरण चालू असताना, १९५१ मध्ये, फोरमनला अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे जावे लागले. त्याने सहकाऱ्यांची नावे द्यायला नकार दिला, हॉलिवूडने त्याच्यावर बहिष्कार टाकला आणि तो इंग्लंडला गेला. मित्र कसे पाठ फिरवतात हे तो लिहिता लिहिता अनुभवत होता, आणि ते संवादांत उतरले आहे. वेस्टर्न चित्रपटांचा नायक जॉन वेनने १९७१ च्या एका मुलाखतीत चित्रपटाला अमेरिकेच्या वृत्तीविरुद्ध ठरवले. गावभर मदत मागत हिंडणारा मार्शल दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सलाही रुचला नव्हता, आणि त्याने वेनला घेऊन ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) हे उत्तर दिले. तो चित्रपटही उत्तम आहे, पण मदत न मागताही ती मिळणारा नायक केनइतका एकटा कधीच पडत नाही.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवडल्या गेलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत ‘हाय नून’ होता. त्याच वर्षी ४ जूनच्या निवडणुकीसाठी पोलंडमध्ये तोमाश सार्नेत्स्की यांनी केलेल्या भित्तिपत्रकावर कूपरचा केन चालत येताना दिसला. त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका होती आणि बिल्ल्याच्या वर ‘सॉलिडॅरिटी’ या कम्युनिस्ट राजवटीला विरोध करणाऱ्या कामगार संघटनेचे चिन्ह.