मूर हाउस–अपर टीसडेल राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र

उत्तर इंग्लंडमधील पेनाइन डोंगररांगेच्या उत्तर भागात, टीस नदीच्या वरच्या खोऱ्यात असलेले उंच माळरानाचे संरक्षित क्षेत्र. ते कंब्रिया व डरॅम या परगण्यांत मोडते आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८८ चौ. किमी. आहे. पेनाइनमधील सर्वोच्च शिखर क्रॉस फेल (८९३ मी.) याच परिसरात असून टीस नदी त्याच्या पूर्व उतारावर उगम पावते. मूर हाउस हा भाग १९५२ मध्ये व अपर टीसडेल त्यानंतर राखीव झाला. पुढे दोन्ही एकत्र करण्यात आले.

उंचीच्या मानाने हवामान फारच कठोर आहे. मूर हाउस येथील वेधशाळेत (सुमारे ५५६ मी.) वार्षिक सरासरी तापमान ५° से.च्या आसपास व पर्जन्यमान सुमारे २,००० मिमी. आढळते. हवामानशास्त्रज्ञ गॉर्डन मॅन्ली यांनी १९३० च्या दशकात ग्रेट डन फेल शिखरावर घेतलेल्या नोंदींमुळे या हवामानाची नेमकी कल्पना आली. क्रॉस फेलवरून पश्चिमेकडील ईडन खोऱ्यात कोसळणारा ‘हेल्म’ हा ईशान्य वारा प्रसिद्ध आहे.

या क्षेत्राला वनस्पतिशास्त्रात मिळालेले स्थान मुख्यतः ‘टीसडेल वनस्पतिसमूहा’मुळे आहे. निळ्याजर्द फुलांचे जेन्शियाना व्हर्ना हे ग्रेट ब्रिटनमध्ये येथेच, तर आयर्लंडमध्ये मुख्यतः बरेन भागात वाढते; मिन्युअर्शिया स्ट्रिक्टा ही लहानशी वनस्पती ब्रिटनमध्ये अन्यत्र नाही. आर्क्टिक व आल्प्सकडील जाती दक्षिणेकडील जातींच्या शेजारी नांदतात, हे कोडे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही अभ्यासकांनी असे मानले की, हिमयुगात बर्फाच्या वर डोकावणाऱ्या सुळक्यांवर या वनस्पती तग धरून राहिल्या. याउलट, बर्फ वितळू लागल्यावर उघड्या जमिनीवर त्या सर्वदूर पसरल्या, पुढे अरण्याने त्यांना इतर ठिकाणांहून हुसकावले आणि येथेच त्यांचा अवशेष उरला, असा दुसरा पक्ष आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ सी. डी. पिगट यांचा १९५६ मधील अभ्यास व त्यानंतरचे परागविश्लेषण (जुन्या थरांत टिकलेल्या परागकणांवरून पूर्वीच्या वनस्पती ओळखणे) पाहता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण येथील विडीबँक फेल या टेकडीवर अरण्यकाळातही उघड्या जमिनीचे तुकडे टिकून असल्याचे पुरावे मिळतात. हे तुकडे टिकण्यामागे भूरचना आहे. सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी व्हिन सिल या डोलेराइटच्या (शिलारस थिजून बनलेल्या गडद खडकाच्या) पट्ट्याच्या उष्णतेने लगतचा चुनखडक भाजून निघाला व त्याचा ‘साखरी चुनखडक’ बनला. तो हाताने चुरडला तर साखरेसारखे कण सुटतात. अशा अस्थिर, झपाट्याने कोरड्या पडणाऱ्या मातीत झाडे रुजत नाहीत, आणि मेंढ्यांच्या व सशांच्या चराईने उरलेले काम होते.

उरलेला बराचसा प्रदेश पीटने (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या पाणथळ थराने) झाकलेला असून त्यावर हीदर हे झुडूप, कापूसगवत व स्फॅग्नम शेवाळ वाढते. येथील प्राणिजीवन मूर हाउसच्या संशोधनातून तपशिलाने कळले आहे. पीटमधील प्राण्यांच्या जैवभारात (एकूण वजनात) पांढुरके, धाग्यासारखे एन्किट्रिइड कृमी सर्वांत जड भरतात, मेंढ्या नव्हेत. मेच्या अखेरीस व जूनमध्ये लांब पायांच्या टिप्युलिड माश्या एकदम बाहेर पडतात. मोलोफिलस एटर ही जात तर जवळजवळ पंखहीन असल्याने शेवाळावरून चालतच फिरते. सोनचिखल्या या पक्ष्याच्या युरोपीय जातीची पिल्ले याच सुमारास अंड्यांतून बाहेर येतात व या माश्यांवर वाढतात. उन्हाळा कोरडा गेला की पीटचा वरचा थर वाळतो, अळ्या मरतात आणि पुढील वर्षी पिल्लांना खाद्य कमी पडते. कर्ल्यू, टिटवी, पाणलावा, रिंग औझेल, मर्लिन ससाणा व लाल ग्राउज हेही येथे वीण घालतात. काळ्या ग्राउजचे नर वसंतात पहाटे ठरावीक माळावर जमून शेपटी फुलवतात.

टीस नदीच्या मुखाकडील टीसाइड या औद्योगिक भागातील उद्योगांना पाणी पुरवण्यासाठी या क्षेत्रातील काउ ग्रीन येथे धरण बांधण्यास वनस्पतिशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला, तरी १९६७ मध्ये कायदा झाला व १९७१ पर्यंत जलाशय पूर्ण होऊन दुर्मीळ वनस्पतींचा काही भाग पाण्याखाली गेला. बुडण्यापूर्वी घाईने झालेल्या अभ्यासातूनच वर उल्लेखिलेले परागविश्लेषण बरेचसे हाती आले. टीस नदीवरील हाय फोर्स धबधब्याजवळील ज्युनिपर या सूचिपर्णी झुडपाचे वन इंग्लंडमधील मोठ्या ज्युनिपर वनांपैकी एक असून २०१० च्या दशकात त्यावर फायटोफ्थोरा ऑस्ट्रोसेड्री या रोगकारकाचा प्रादुर्भाव आढळला.