सशर्त कार्यप्रवाह

सशर्त कार्यप्रवाह म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा असा संगणकीय आराखडा, ज्यात पुढची पायरी हाती आलेल्या माहितीनुसार आपोआप ठरते. तो रेखाटण्यासाठी ‘बीपीएमएन’ (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) ही चिन्हपद्धती मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. तिची २.० ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संगणकीय मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली. समांतर क्रियांची गणिती मांडणी मात्र त्याहून जुनी असून ती जर्मन गणितज्ञ कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधापर्यंत मागे जाते.

गोव्यातील जमिनीच्या म्युटेशनचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नवे नाव चढवण्याच्या प्रक्रियेचा, सांगाडा घेतल्यास यातील बारकावे स्पष्ट होतात. अर्ज दाखल झाल्यावर एका शाखेत कागदपत्रांची छाननी होते, तर दुसरीत हितसंबंधितांना नोटिसा जातात. हरकत न आल्यास १ व १४ च्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा दाखला) नवे नाव चढते आणि आल्यास प्रकरण सुनावणीकडे वळते. छाननी आणि नोटिसा या समांतर शाखा आहेत, म्हणजे दोन्ही चालतात. हरकत आहे की नाही हा मात्र एकच वाट निवडणारा फाटा आहे. चित्रात हा भेद अनुक्रमे अधिकचिन्हाने आणि फुलीने दाखवतात.

फाटे पाडणे सोपे असते. आराखडा बिघडतो तो बहुधा शाखा पुन्हा जुळवताना. दोन्ही समांतर शाखा साध्या संगमावर आणल्या, तर प्रत्येक शाखा पोचताच पुढची पायरी सुरू होते आणि एकाच अर्जाची नोंद दोनदा होण्याचा धोका उद्भवतो. याउलट, एकच वाट निवडणाऱ्या फाट्यानंतर ‘सर्व शाखा येईपर्यंत थांबा’ असा संगम ठेवल्यास न निवडलेली शाखा कधीच येत नाही आणि अर्ज कोणतीही चूक न दाखवता अडकून राहतो. ही दुसरी चूक अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती अर्जदाराने चौकशी करेपर्यंत उघडकीस येत नाही.

अटीचे उत्तर नेहमी होय किंवा नाही एवढेच नसते. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार विवाहित व्यक्तीला स्थावर मालमत्ता विकताना सामान्यतः जोडीदाराची संमती लागते; त्यामुळे ‘विक्रेता विवाहित आहे का?’ ही रास्त अट ठरते. पण अर्जातील तो रकानाच कोरा असेल, तर ‘विवाहित असल्यास संमती तपासा’ एवढ्यावर थांबलेला आराखडा कोऱ्याला अविवाहित समजून संमतीची पायरी ओलांडतो. म्हणून अज्ञात उत्तरासाठी वेगळी शाखा ठेवून ती कर्मचाऱ्याकडे वळवतात, आणि तिलाही मुदत जोडतात.