व्यायाम करूनही खांदा दुखतोय? आधी कान आणि खांदा यांतलं अंतर पाहा

“मी व्यायाम रोज न चुकता करते, पण फरक नाही.” आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मोबाइलमुळे मान-खांदा धरलेल्या पेशंटकडून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे इतक्या वेळा ऐकलं की शेवटी हे पत्रक छापून घेतलं. त्या न चुकता करतात याबद्दल आम्हाला शंका नसते. पण “एकदा करून दाखवा,” म्हटलं की बहुतेक वेळा कारण समोरच दिसतं. खांदे मागे नेताना ते आधी वर, कानाकडे जातात. मग ज्या स्नायूसाठी व्यायाम दिला तो आळसावलेलाच राहतो, आणि जो आधीच दमलाय तो पुन्हा राबतो.

खांद्याचं पातं (आमच्या आज्या त्याला फरा म्हणायच्या) धडाशी हाडाने फक्त एका ठिकाणी, पुढे कॉलरबोनमार्फत जोडलेलं असतं. बाकी सगळा भार स्नायूंवर. फोन छातीच्या खाली धरून मान झुकवली की पाती पुढे सरकतात. मान आणि खांदा यांच्या मधला जाड स्नायू, म्हणजे ट्रॅपेझियसचा वरचा भाग, ताठ होतो. त्याच ट्रॅपेझियसचा खालचा भाग आणि बरगड्यांवरचा सेरेटस हे पातं जागेवर धरणारे स्नायू मात्र हळूहळू काम सोडतात. छातीचे स्नायू आखडतात. व्लादिमिर यांडा या चेक डॉक्टरांनी ही जोडी, एकीकडे आखडलेलं आणि दुसरीकडे ढिलं, मोबाइल यायच्या कितीतरी आधी मांडून ठेवली होती. म्हणजे दुखणं जुनंच आहे. फोनमुळे ते कॉलेजच्या मुलांनाही होऊ लागलं, एवढंच.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या चित्राबद्दलही बरेच जण विचारतात: मान ६० अंश झुकली की मानेवर २७ किलो वजन पडतं. हा आकडा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मॉडेलमधला आहे, तो जिवंत माणसाच्या मानेवर मोजलेला नाही. मान वाकवली म्हणून लगेच काही मोडत नाही, तेव्हा घाबरू नका. त्रास होतो तो एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत तास-सव्वा तास एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने फोन. घरी पोळ्या लाटताना कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला फोन. रात्री कुशीवर झोपून रील्स. आमच्याकडच्या बहुतेक तक्रारी या तिघांत बसतात.

आता मुख्य गोष्ट. उजवा खांदा दुखत असेल तर डाव्या हाताचा तळवा उजव्या बाजूला, मान आणि खांद्याच्या मधल्या त्या जाड स्नायूवर ठेवा. आता खांद्याचं पातं मणक्याकडे आणि किंचित खाली न्या, मागच्या खिशात सरकवतोय असं समजून. तळव्याखालचा भाग मऊ राहिला तर व्यायाम बरोबर. तो फुगून कडक झाला तर खांदा वर चाललाय, तिथेच थांबा. जोर निम्मा करा. हो, निम्मा. “छाती काढून ताठ उभा राहा” हे शाळेतल्या कवायतीत ऐकलेलं इतकं अंगात भिनलंय की हळू केलं तर व्यायाम झाला असं लोकांना वाटतच नाही. इथे हलकाच जोर लागतो. ५ सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा, १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पहिले चार दिवस आरशासमोर करा आणि कान-खांद्यातलं अंतर कमी होत नाही ना, एवढंच पाहा.

हीच परीक्षा बाकीच्या व्यायामांनाही लावा. हनुवटी मागे न्यायची ती ड्रॉवर सरळ आत ढकलावा तशी, नजर समोर हवी. हनुवटी छातीकडे गेली तर तुम्ही पुन्हा मोबाइल बघण्याचीच मान करताय. दाराच्या चौकटीत कोपर टेकवून छाती ताणताना कोपर खांद्याच्या उंचीला किंवा थोडं खालीच ठेवा. ३० सेकंद, दोन-तीन वेळा. थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) ओढणं मात्र तळव्याची परीक्षा पास झाल्यावरच. ज्यांनी बाहेरून बँड आणून पहिल्या दिवशीच जोरात ओढला, त्यांना आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून द्यावी लागते.

“नुसता शेक द्या, मशीन लावा,” असा आग्रह असतो. मशीन आमच्याकडे आहे आणि दुखणं जास्त असेल तेव्हा आम्ही ते लावतोही. पण त्याने मिळणारा आराम थोडा वेळ टिकतो आणि पात्याला काम शिकवता येत नाही. म्हणून आमची पहिली भेट ४५ मिनिटांची असते आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ तुमच्याकडून करून घेण्यात जातो. “व्हिडिओ पाठवा, घरी करतो,” यालाही आम्ही याच कारणाने नाही म्हणतो. व्हिडिओला तुमचा खांदा दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यातली १५ मिनिटांची तपासणी आम्ही वेगळे पैसे न घेता करतो. ती चुकवू नका, चूक तिथेच पकडली जाते.

फोनपुरतं सांगायचं तर कोपर बरगडीला टेकवा, दुसरा हात त्या कोपराखाली द्या, फोन आपोआप छातीच्या वर येतो. बोलताना इअरफोन लावा. आणि अर्ध्या तासाने एकदा हात खाली सोडा.

काही दुखणी मात्र या व्यायामांची नाहीत. हात वर किंवा पाठीमागे जातच नसेल, केस विंचरता येत नसतील, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो, आणि डायबेटिस असणाऱ्यांना तो जास्त होतो. हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, पडल्यानंतरचं दुखणं, ताप, यांत आधी डॉक्टरांना दाखवा. डाव्या खांद्या-हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर आमच्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

एक्स-रे काढून येऊ का, असं फोनवर विचारलं जातं. बहुतेकांना लागत नाही. जुना असेल तर आणा. सैल टी-शर्ट किंवा मोठ्या गळ्याचा कुर्ता घालून या, पाठ पाहावी लागते. आणि फोन चार्ज करून आणा, कारण तुम्ही तो कसा धरता ते आम्ही सगळ्यात आधी पाहतो. लोकलने उशिरा परतणाऱ्यांसाठी संध्याकाळी सातनंतरच्या वेळा राखून ठेवल्या आहेत. त्या लवकर भरतात, आदल्या दिवशी कळवा.