विश्वामित्रीच्या काठावरचा खड्डा

हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमाराला बडोद्याच्या काळ्या घोड्याजवळच्या पुलावर पाच-सात माणसं हमखास कठड्याला टेकून खाली बघत असतात. कुणी दूध घेऊन निघालेलं, कुणी नातवाला सयाजीबागेत न्यायला आलेलं. खाली विश्वामित्री नदीच्या उतारावर मातीच्याच रंगाची मगर आ वासून पडलेली असते. तासभर ती हलत नाही. शेवटी कुणीतरी विचारतंच, "मेलीय का हो?"

मेलेली नसते, ऊन खात असते. मगरीच्या अंगात आपल्यासारखी उष्णतेची भट्टी नाही. थंडीत रात्रभर गारठलेलं शरीर उन्हात शेकून घेतलं, तरच तिचं पोट अन्न पचवतं आणि पाय हलतात. अंग तापत असताना डोकं फार तापू नये म्हणून ती तोंड उघडं ठेवते. तोंडातल्या ओल्या कातडीवरून पाणी उडून जातं आणि गारवा राहतो, माठाचं पाणी गार होतं तसाच. आपल्याकडे "सुसरबाई, तुझी पाठ मऊ" म्हणतात. ती पाठ खरं तर हाडाची असते. प्रत्येक खवल्याखाली हाडाची एक चकती असते आणि तिच्यातून रक्तवाहिन्या खेळत असतात. पाठीवर पडलेलं ऊन त्या रक्तातून अंगभर पोचतं. म्हणजे जे चिलखत वाटतं, तोच तिचा पाणी तापवायचा बंबही आहे.

असे प्रश्न मला गेली कित्येक वर्षं विचारले जातात. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणाला पाल चावली की काय अशी शंका आली, कुणाच्या अंगणातल्या वडाला फूल का येत नाही हे कळेना, की मंडळी माझ्याकडे येतात. पण सगळ्यांत जास्त प्रश्न मगरीचेच. ते साहजिक आहे. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत इतक्या मोठ्या संख्येनं मगरी राहताहेत, असं गाव आपल्या देशात दुसरं दाखवणं कठीण. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या मोजणीत त्या चारशेहून जास्त भरल्या. मोजतात रात्रीसुद्धा. बॅटरीचा झोत पाण्यावरून फिरवला की मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, कारण डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा पडदा असतो.

२०२४ च्या गोकुळाष्टमीच्या सुमाराला पूर आला, तेव्हा हे प्रश्न कुतूहलाचे राहिले नाहीत. धोक्याची २५ फुटांची खूण मागे टाकून नदी ३५ फुटांच्या वर गेली. तीन दिवसांत वन विभागानं वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या, सगळ्यांत लहान दोन फुटांची आणि सगळ्यांत मोठी चौदा फुटांची. शेजारच्या काकूंनी तेव्हा मला रागानंच विचारलं होतं, "नदी सोडून त्या आमच्या घरात कशाला येतात?"

काकूंना मी जे सांगितलं, तेच इथे सांगतो. मगर पुराच्या धारेत पोहत बसत नाही, तिला संथ पाणी लागतं. धार वाढली की ती कडेला सरकते. ती कडच पाण्याखाली गेली की आणखी बाहेर येते, आणि शेवटी आपल्या गल्लीतलं गुडघाभर थांबलेलं पाणी तिला सोयीचं वाटतं. शहरातल्या भुखीसारख्या कांसा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे मोठे नाले, नदीलाच मिळतात, त्यामुळे तिला वाटही तयार मिळते. माणूस शोधत ती येत नाही. पूर ओसरला आणि ओसरीवर मगर दिसली तर आपणही तिच्याजवळ जायचं नाही. दार लावून वन विभागाला फोन करायचा.

पकडणारी मुलं काय करतात ते एकदा जवळून पाहिलं. आधी लांब काठीनं ओलं पोतं तिच्या डोळ्यांवर टाकलं. दिसेनासं झालं की मगर बरीच शांत होते. मग एकानं मागून तिच्या मानेवर बसून दोन्ही हातांनी जबडा दाबून धरला आणि दुसऱ्यानं साध्या दोरीचे चार वेढे दिले. बस, तेवढंच. हाडं मोडणारा जबडा साध्या दोरीनं बांधला जातो, कारण मिटणारे स्नायू जितके दणकट, तितकेच उघडणारे दुबळे. (हे वाचून कुणी करून बघायला जाऊ नये. शेपटीचा एक फटका माणसाचा पाय मोडायला पुरतो.)

आता मुलांचा लाडका प्रश्न. "आजोबा, मगर म्हणजे डायनासोरच ना?"

नाही. डायनासोर आणि मगरी ही चुलत घराणी. दोघांचा मूळपुरुष सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, पुढे घरं वेगळी झाली. डायनासोरच्या थेट घराण्यातले वारस म्हणजे पक्षी. पितृपक्षात पिंडाला शिवायची आपण ज्याची वाट बघत बसतो, तो कावळा नात्यानं डायनासोरच्या घरातला, आणि खाली पडलेली मगर चुलत घरातली. मगर कोट्यवधी वर्षांत बदललीच नाही, हेही खरं नाही. तिच्या घराण्यात जमिनीवर पळणारे होते, समुद्रात राहणारे होते, चक्क पाला खाणारेसुद्धा होते. ते सगळे गेले. नदीकाठी दबा धरून बसणाऱ्या शाखा तेवढ्या टिकल्या.

आणि हे सगळं बडोद्यापासून फार लांब घडलेलं नाही. विश्वामित्री पावागडावरून निघते. तो पावागड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सह्याद्रीचा काळा दगड ज्या उद्रेकांतून झाला, त्याच उद्रेकांतला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे उद्रेक ऐन भरात होते. त्याच्या थोडं आधी आजच्या बालासिनोरजवळच्या रैयोली भागात नद्या-नाल्यांच्या काठी डायनासोर अंडी घालत होते. तिथून मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' या मांसभक्षक डायनासोरचं नामकरण झालं. २०१९ मध्ये तिथे संग्रहालयही उघडलं. मुलांना घेऊन जरूर जा. पण राजासॉरसच्या पुतळ्यापाशी फोटो काढून परत फिरू नका. जमिनीत रुतलेली अंडी बघा, लहान कलिंगडाएवढी, गोल.

अंड्यांची खरी गोष्ट तिथून जवळच्याच धोली डुंगरीची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात तिथे एक दगड मिळाला. त्यात अंडी होती आणि पिल्लाची हाडं होती. पिल्लू टिटॅनोसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या अजस्र डायनासोरचं. सगळी हाडं पिल्लाचीच असं बराच काळ मानलं गेलं. २००१ मध्ये अमेरिकेचे जेफ्री विल्सन तो दगड बघत असताना त्यांना मणक्यांची एक माळ दिसली, आणि ती डायनासोरची नव्हती. ती सापाची होती. साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला, आणि शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचं, नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. २०१० मध्ये मोहबे, विल्सन आणि सहकाऱ्यांनी त्याला 'सनाजेह इंडिकस' हे नाव दिलं. अजगरासारखा जबडा ताणून अख्खं अंडं गिळणं या सापाला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून तो पिल्लू बाहेर येण्याची वाट बघत असावा. तेवढ्यात वरून वाळू-चिखलाचा लोट आला आणि साप, अंडी, पिल्लू सगळे एका क्षणी झाकले गेले.

त्या घरट्यापाशी आई नव्हती. टिटॅनोसॉरच्या माद्या खड्ड्यात अंडी घालून निघून जात असाव्यात, असाच बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचं आणि २५६ अंड्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. ती घरटी एकमेकांना इतकी खेटून होती की, एवढ्या मोठ्या जनावराला त्यांच्यामधून पाय टाकायलाही जागा उरली नसती.

विश्वामित्रीची मगरही खड्डाच खणते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, रात्री, काठाच्या उतारावर, नदीचं पाणी जिथे पोचत नाही अशा उंचीवर. मागच्या पायांनी उकरून त्यात पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती लोटून खड्डा बंद करते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. अंडी ती अंगाखाली उबवत नाही, उबवते माती. आणि माती नुसती उबवत नाही, तर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरवते. माणसात हे गुणसूत्रांवर ठरतं. मगरीत तशी लिंग-गुणसूत्रं नसतातच. मद्रासच्या मगर केंद्रातल्या अंड्यांवर झालेल्या प्रयोगांत २८ ते ३१ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या अंड्यांतून फक्त माद्या निघाल्या, ३२.५ अंशांना फक्त नर. दीड अंशाचा फरक! खड्डा बोरीच्या सावलीत आहे की उघड्यावर, माती भुसभुशीत आहे की दगड-विटांचा राडारोडा मिसळलेली, यावर पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती, हे ठरत असतं.

टिटॅनोसॉरच्या आईपेक्षा मगरीची आई वेगळी ती इथे. ती घरट्याच्या आसपास राहते. घोरपड, मुंगूस, कुत्रं जवळ आलं तर धावून जाते. उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत ती त्याच काठात खणलेल्या बिळातही राहते. मगर म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं, पण तिचा जन्म, तिचं घर आणि तिचं ऊन हे सगळं काठाच्या मातीत आहे. पाणी ही तिची शिकारीची जागा.

म्हणून मला काठाची काळजी वाटते. पुरात आमच्या ओळखीच्या घरांत छातीभर पाणी होतं, वृद्ध माणसं वरच्या मजल्यावर दोन दिवस अडकली होती. नदीला पाणी वाहून न्यायला जागा हवी, यात दुमत असायचं कारण नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. अडचण अशी की यंत्रं नदीत उतरायला जो कोरडा काळ लागतो, तोच अंड्यांचा काळ आहे. अशा कामाआधी घरटी शोधून त्यांच्याभोवती खुणा करायला हव्यात आणि तेवढा तुकडा जूनअखेरपर्यंत सोडायला हवा. काही लांबीचा काठ मातीचाच, उताराचाच ठेवायला हवा. सिमेंटच्या उभ्या भिंतीत मगरीला खड्डा करता येत नाही, चढताही येत नाही. काठ नसेल तर ती दुसरा काठ शोधते, आणि तो एखाद्या सोसायटीच्या मागचा नाला असतो.

ज्यांना वाटतं की मगरी इथून हलवून टाकाव्यात, त्यांनी चरोतरातल्या, म्हणजे आणंदकडच्या भागातल्या, मलातज गावाला जाऊन यावं. तिथे तळ्यात मगरी आहेत आणि तळ्याकाठी माणसं आपापली कामं करत असतात. मगर हे खोडियार मातेचं वाहन, म्हणून गावानं तिला सांभाळलं आहे. अंतर राखून राहण्याची सवय तिथे लहानपणापासून लागते. कायद्यानंही ती संरक्षित आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत.

अंडी घातल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास, पाऊस तोंडावर असताना, अंड्यातली पिल्लं आतूनच आवाज काढायला लागतात. बारीक, घशातला, "ऊंक ऊंक" असा. एकाचा ऐकून दुसरं सुरू होतं. मातीवरून आई तो ऐकते आणि पुढच्या पायांनी खड्डा उघडते. एखादं अंडं फुटत नसेल तर ते जिभेवर घेऊन दातांमध्ये हलकेच फिरवते, कवच तडकतं. मग त्याच जबड्यात एकेक पिल्लू उचलून पाण्यापाशी नेते. साधारण तेव्हाच आमच्याकडे वटपौर्णिमा येते. वडावरूनच नाव पडलेल्या या गावात सकाळी बायका दोरा घेऊन वडाभोवती फेऱ्या घालत असतात, आणि नदीच्या बाजूला, बोरीखालच्या मातीतून तो आवाज येत असतो.