मालासोबत जाणारा, मातीत विरणारा सेन्सर

पल्स पोलिओच्या बूथवरच्या ताई डोस पाजण्याआधी कुपीवरची खूण निरखतात. एका गोलात फिकट चौकोन असतो. लसीला ऊब लागत जाते तसा तो गडद होतो आणि गोलाच्या रंगाशी जुळला की कुपी बाद. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर ही खूण १९९६ पासून येऊ लागली. त्याआधी फ्रीज बंद पडल्याच्या नुसत्या शंकेनेही चांगली लस फेकली जाई. आता प्रत्येक कुपी आपली हकिगत आपणच सांगू लागली. पुरवठा साखळीतली नासाडी रोखण्याच्या आजच्या खटाटोपाचे मूळ मला या चौकोनात दिसते.

अन्नाला अशा खुणेची गरज कितीतरी मोठी. जगात माणसांसाठी पिकणाऱ्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे १३० कोटी टन, वाया जाते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये मांडला. कंटेनरमधले तापमान टिपणारी यंत्रे आहेत. नाशिकची निर्यातीची द्राक्षेही त्यांच्या सोबतीने जातात. पण दाराजवळचे यंत्र आतल्या पेटीची अवस्था सांगत नाही. पेटीगणिक सेन्सर लावावा, तर बॅटरी, तांबे, प्लास्टिक सगळे माल उतरल्यावर कचऱ्यात. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला एक चतुर्थांशसुद्धा रीतसर पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. फळ वाचवायचे आणि ओल्या कचऱ्यात धातू पेरायचा, हा सौदा मला पटत नाही.

वाट निघाली ती वैद्यकातून. जॉन रॉजर्स आणि फिओरेन्झो ओमेनेटो यांच्या गटांनी २०१२ मध्ये अमेरिकेत रेशीम, मॅग्नेशियम आणि अतिशय पातळ सिलिकॉनची सर्किटे पाण्यात विरघळवून दाखवली. शरीरात बसवलेले उपकरण काढायला दुसरी शस्त्रक्रिया नको, हा हेतू. त्याच वर्षी ओमेनेटोंच्या टफ्ट्स विद्यापीठात रेशमावरची सोन्याची अँटेना केळ्याला, चीजला चिकटवली गेली. केळे पिकत गेले तसा तिचा संकेत बदलत गेला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते झुरिकच्या ईटीएच संस्थेतले २०१७ चे काम. जोव्हानी साल्व्हातोरे यांच्या गटाने मॅग्नेशियमची बारीक तार मका-बटाट्याच्या स्टार्चपासून केलेल्या, कंपोस्ट होणाऱ्या आवरणात बसवली. जाडी १६ मायक्रोमीटर, केसाहून कितीतरी कमी. तापमानाबरोबर धातूचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून माल किती तापला ते कळते. एक टक्का मिठाच्या पाण्यात हा सेन्सर ६७ दिवसांत पूर्ण विरला. जपानहून युरोपला निघालेली मासळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. बॅटरी मात्र बाहेरच ठेवावी लागली.

त्या बॅटरीवर स्वित्झर्लंडच्याच एम्पा संस्थेने २०२२ मध्ये एक उपाय पुढे आणला. मीठ मुरवलेला कागद, एका अंगाला ग्रॅफाइटची शाई, दुसऱ्या अंगाला जस्ताची. पाण्याचे दोन थेंब पडले की २० सेकंदांत ती चालू होते आणि १.२ व्होल्ट देते. तासाभराने कागद वाळू लागतो, जोर ओसरतो. नाशिकच्या द्राक्षांना समुद्रमार्गे युरोप गाठायला काही आठवडे लागतात.